पाठीवरची पत्रिका

घरात आल्यावर पहिला दिवसभर तो काहीच बोलला नाही. १९९१ चा एप्रिल होता. अकोल्याहून मेटॅडोरमध्ये, पातूरचा घाट चढून, मेडशी आणि मालेगाव मागं टाकत तो वाशिमला पोचला. चौघांनी दोरखंड लावून त्याला ओसरीवर घेतला आणि मधल्या खोलीत भिंतीपासून वीतभर जागा सोडून उभा केला. दुकानदारानं बाबांना बजावलं होतं, "गुरुजी, रस्त्यानं हादरे बसलेत. पोटातलं तेल खाली बसू द्या. उद्यापर्यंत बटन दाबायचं नाही." त्यामुळे गल्लीतली माणसं त्या दिवशी येऊन पाहून गेली तो बंद फ्रीज. आजीनं दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि त्यातली अर्धी वाटी त्याच्या पोटात ठेवली. "उपाशी नका ठेवू त्याले," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बटन दाबलं तसा तो घर्र करून अंगभर शहारला आणि मग एका सुरात गुणगुणत राहिला. थोड्या वेळानं थांबला. थांबताना त्यानं असा दणका दिला की डोक्यावरच्या फुलदाणीतली प्लॅस्टिकची फुलं डोलली. जाडजूड मामा झोपेत कूस बदलतो आणि खाट करकरते, तसं. पुढं अठरा वर्षं आम्ही या दणक्यासकट झोपलो. रात्री वीज गेली की शांततेनंच जाग यायची.

एका दाराचा, १६५ लिटरचा, आकाशी रंगाचा. दाराला कुलूप आणि किल्ली आईच्या कमरेला. डोक्यावर क्रोशाचा रुमाल. बाजूला लाकडी स्टुलावर व्होल्टेज स्टॅबिलायझर, साहेबाच्या केबिनबाहेर बसलेल्या कारकुनासारखा. साहेबाच्या प्रत्येक हालचालीआधी तो टक् करायचा. दारावर एक गोल चिकटपट्टी होती, तिच्यावर इंग्रजीत 'पफ' लिहिलेलं. भिंतींमध्ये काचेच्या लोकरीऐवजी पॉलियुरेथेनचा फेस भरला आहे, ही त्या काळची मोठी फुशारकी होती. ती पट्टी बाबांनी कुणाला सोलू दिली नाही.

आजीचं आणि त्याचं मात्र कधीच जमलं नाही. रांजणावर ओलं फडकं गुंडाळून पाणी गार करणाऱ्या बाईला हा घुमा पाहुणा आवडणार कसा? त्याच्या पाण्यानं तहान मरत नाही, दात मात्र दुखतात, असं तिचं म्हणणं. तिनं त्याला एकच काम दिलं: सांबार ताजा ठेवायचा. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याचा पाहुणा जेवायला बसला की हा खुलासा करावाच लागतो.) बाकी त्याच्या पोटात लोणी, विरजण, कैरीचं पन्हं, पलीकडच्या घरातल्या आजोबांची इन्सुलिनची बाटली, आणि बर्फाचे दोन ट्रे. त्या ट्रेंवर अख्ख्या गल्लीचा हक्क होता. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की दुपारी तीन वाजता कुणाचं ना कुणाचं पोर स्टीलचा गंज घेऊन दारात उभं: "काकू, आईनं बर्फ मांगतला."

समोरून तो सगळ्यांचा होता. त्याची पाठ फक्त आम्हा पोरांना माहीत होती. पोटातली उष्णता तो पाठीवरच्या काळ्या जाळीतून बाहेर टाकायचा, म्हणून पावसाळ्यात आमचे शाळेचे मोजे तिथं वाळत. एकदा मोजा जाळीमागं पडला, तो काढायला मी भिंतीकडून हात घातला आणि तिथं पत्र्याची एक पाटी दिसली. मॉडेल, क्रमांक, व्होल्ट, आणि अगदी खाली: आर-१२, दीडशे ग्रॅम. माणसाची पत्रिका ट्रंकेत असते, याची पाठीवर ठोकलेली. त्यातला हा शेवटचा ग्रह कुठून आला, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आर-१२ हा एक वायू. कुळ सीएफसी, म्हणजे क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन एकत्र बांधलेले. त्याच्याआधीचे फ्रीज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असल्या जहाल वायूंवर चालायचे, नळी फुटली तर घरातली माणसं जायची. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा नवा वायू शोधला. तो जळत नव्हता, त्याला वास नव्हता, विषारीही नव्हता. मिजलीनं शास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत ओढून घेतला आणि फुंकरीनं मेणबत्ती विझवून दाखवली. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्तीही याच गृहस्थाची. एका माणसाच्या हातून एवढं सद्हेतूनं एवढं नुकसान क्वचितच झालं असेल.

कारण या वायूचा जो गुण, तोच त्याचा दोष निघाला. तो कशाशीच भांडत नाही, म्हणून विरतही नाही. सावकाश वर चढत ओझोनच्या थरापर्यंत जातो. तिथला तीव्र सूर्यप्रकाश त्याला फोडतो आणि मोकळा झालेला क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू खाऊन मगच निवतो. रोलंड आणि मोलिना या दोघा शास्त्रज्ञांनी हे १९७४ मध्ये कागदावर मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर काम करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथला थर विरळ झाल्याचं मोजून दाखवलं. त्याच वर्षी व्हिएन्नात करार झाला आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलमध्ये त्याच्या अंमलबजावणीचा मसुदा, ज्याला माँट्रियल प्रोटोकॉल म्हणतात. कुठला वायू किती वर्षांत किती कमी करायचा याचं त्यात वेळापत्रक होतं. शिवाय जो देश करारात नाही, त्याच्याशी या मालाचा व्यापार नाही, असा दमही होता.

आमचा फ्रीज वाशिमला आला तेव्हा भारत या करारात नव्हता. आणि त्याला कारण होतं. वरचं छत फाडलं होतं श्रीमंत देशांच्या फ्रीजांनी, गाड्यांच्या एसींनी आणि अत्तराच्या फवाऱ्यांनी. दर माणशी वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी वापर असलेल्या गरीब देशांना करारानं दहा वर्षांची सवलत दिली होती, आणि आपला वापर त्या रेषेच्या जवळपासही नव्हता. आमच्या अख्ख्या गल्लीत मिळून एक फ्रीज. तरी नवं तंत्र विकत घ्यायचं ते आम्हीच, आणि पेटंट पुन्हा त्यांच्याच खिशात, हे कसं? जून १९९० च्या लंडनच्या बैठकीत पर्यावरण खात्याच्या तेव्हाच्या मंत्री मेनका गांधी यांनी हाच मुद्दा लावून धरला, चीनचंही तेच म्हणणं होतं. तिथं एक बहुपक्षीय निधी ठरला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन पंगतीला बसले तर वर आणखी ८ कोटी. असं उघड गणित मांडणारा करार मला आवडतो. लग्नाच्या याद्या करताना आमच्याकडे असंच बोलतात. १९ जून १९९२ ला भारत पंगतीला बसला.

म्हणजे आमचा आकाशी मामा भारताच्या करारातल्या प्रवेशापेक्षा वर्षभरानं थोरला. वाशिमही तेव्हा अकोल्याचा तालुका होता, जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मामाची पत्रिका या दोन्ही घटनांच्या आधीची.

१९९९ च्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा आजारी पडला. त्यात दोष माझ्या आईचा, आणि तिचा तरी कसा म्हणू? शेजारच्या पोराचा ताप उतरेना. कपाळावर ठेवायला बर्फ हवा होता आणि ट्रे वरच्या कप्प्यात बर्फाच्या डोंगराखाली गाडला गेलेला. आईनं भाजी चिरायची सुरी घेतली आणि खरडायला लागली. ट्रे निघाला, पोराचा ताप उतरला, आणि संध्याकाळी आमचा फ्रीज नुसताच गुणगुणत होता, गार काही होईना.

मिस्त्री लुनावरून आले. मागं लाकडी पेटी, तिच्यात नळ्या, घड्याळासारखे दोन गेज, आणि पितळेचा एक छोटा दिवा. आल्याआल्या त्यांनी ओठातली बिडी दाराबाहेर विझवली. या वायूत जळतं काही घेऊन बसलं की घसा कडू होतो, डोळे चुरचुरतात, हे ते अनुभवानं शिकले होते. (जाळात सापडला की हा निरुपद्रवी वायू विषारी होतो. ते सगळं रसायनशास्त्र त्यांच्या त्या बिडीत होतं.) मग त्यांनी दिवा पेटवला. निळी ज्योत. दिव्याची रबरी नळी ते जाळीवरून, सांध्यांवरून, वरच्या कप्प्याच्या कडेनं फिरवत गेले. सुरीच्या ओरखड्यापाशी नळी आली आणि ज्योत एकदम हिरवी झाली. मोरपिसासारखी हिरवी. आम्ही पोरं हरखून गेलो.

"खरं सांगा वहिनी, बर्फ चाकूनं खरडला न?"

आई काही बोलली नाही. आजी मात्र रांजणाकडे बघून हसली.

ज्योत हिरवी होते ती क्लोरीनमुळे. दिव्यात तांब्याचा तुकडा असतो, क्लोरीन असलेला वायू आगीत आला की तांबं त्याच्याशी संयोग पावून हिरवा रंग दाखवतं. अंटार्क्टिकावर जे महागड्या यंत्रांनी मोजलं, त्याचा मूळ आरोपी आमच्या मधल्या खोलीत पितळी दिव्यानं पकडला होता. फक्त आरोपी म्हणून तो कुणालाच ठाऊक नव्हता. मिस्त्रींनी छिद्र बुजवायच्या आधी नळी कापली आणि उरलासुरला वायू सोडून दिला. फुस्स. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या काळी सगळेच मिस्त्री असं करत, त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं आणि साधनही दिलं नव्हतं. या वायूचं आयुष्य शंभर वर्षांचं धरतात. त्या दुपारचा बराचसा फुस्स आजही वर कुठंतरी आहे. एका पोराच्या कपाळावरच्या पट्टीचा तो हिशेब, कुणी कुणाकडे मागायचा?

त्याच वर्षी दूर दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये वेगळे हिशेब चालले होते. भारतात सीएफसी बनवणारे कारखाने होते. ते टप्प्याटप्प्यानं बंद करण्यासाठी निधीतून ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. २००० मध्ये ओझोनचा ऱ्हास करणाऱ्या पदार्थांवर नियम आले. आणि उशिरा का होईना, कुणाच्या तरी ध्यानात आलं की कारखाना बंद केल्यानं काम निम्मंच होतं. वायू खरा निसटतो तो लुनावरून येणाऱ्या माणसाच्या हातून. मग देशभर मिस्त्री लोकांची प्रशिक्षणं सुरू झाली. आमचे मिस्त्रीही दोन दिवस जाऊन आले. येताना एक पिशवी, एक पुस्तक आणि थोडा पडलेला चेहरा घेऊन आले. तीस वर्षं केलेलं काम चुकीचं होतं असं ऐकून घ्यायचं, तेही पोरवयाच्या इंजिनिअरकडून, हे सोपं नाही. पण त्यांनी बिडीसारखाच फुस्सही बंद केला. वायू सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा पंप त्यांच्याकडे पुढं आला.

करारावर लिहिणारे लोक शास्त्रज्ञांना आणि मंत्र्यांना श्रेय देतात. ते त्यांना आहेच. मला मात्र या कराराचं मोठेपण दिसतं ते इतकंच, की त्यानं पैशाची आणि मिस्त्रीची सोय केली. बाकीच्या बऱ्याच पर्यावरण-करारांत नेमकी हीच दोन पानं कोरी असतात.

२००५ ला घरात दुसरा आला. जुना काढला नव्हता, तो ओसरीवर गेला. त्या वर्षांत भारनियमनानं कहर केला होता, दिवसाचे अर्धे तास वीज नाही. दोन फ्रीज आणि एकालाही वीज नाही, अशी श्रीमंती आम्ही उपभोगली. नवा दोन दारांचा, पांढरा, घसा न खाकरणारा. दणका नाही, थरथर नाही. मी आधी त्याची पाठ पाहिली. आर-१३४ए, एकशेवीस ग्रॅम. या वायूत क्लोरीन नाही, ओझोनला तो हात लावत नाही. ओढून आणलेल्या जुन्या मामाच्या जागी हा शिकलेला, शर्ट खोचलेला भाचा. मिस्त्रींना तो आवडला नाही.

"ह्याले दिवा वयखत नाही," पहिल्या दुरुस्तीला ते म्हणाले.

खरंच. पितळी दिव्याची नळी त्यांनी सगळीकडे फिरवली, ज्योत निळीच राहिली. क्लोरीनच नाही तर हिरवी होणार कशी? शेवटी साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधला. वर याचं तेलही नखरेल. जुन्या वायूबरोबरचं खनिज तेल याला चालत नाही, वेगळंच लागतं, आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. "हे तेल पाणी पेते हो," म्हणत मिस्त्री नळ्या घाईघाईनं बंद करत. पावसाळ्यात ते याचं काम घेतच नसत. माझ्यापुरतं सांगायचं तर माँट्रियल करार वाशिमला पोचला तो त्या दिवशी, हिरवी न झालेल्या ज्योतीच्या रूपानं. त्यानंतर मिस्त्रींनी दिवा पेटीतून काढला. आता तो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात आहे.

१ जानेवारी २०१० पासून सीएफसी आपल्याकडे बंद झाला. दम्याच्या पंपांना तेवढी जास्तीची मुदत मिळाली, कारण तो फवाराही याच कुळातल्या वायूवर उडत होता. आमच्या बाबांच्या खिशात तो पंप असे. एकाच घरात एक वायू सांबार ताजा ठेवत होता आणि त्याचा भाऊबंद बाबांना श्वास देत होता. म्हणून या वायूला नुसतं खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भाच्याचं पितळ उघडं पडायला फार वेळ लागला नाही. ओझोनला तो सोज्वळ, पण हवा तापवण्यात वस्ताद. एक किलो आर-१३४ए वातावरणात सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबानं तो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. आर-१२ चा आकडा तर १०,९०० च्या घरात. आमच्याकडे हिशेब क्विंटलात कळतो. जुन्या मामाच्या पोटातले दीडशे ग्रॅम म्हणजे सोळा क्विंटल कार्बन डायऑक्साइड, आणि भाच्याचे एकशेवीस ग्रॅम म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या आसपास. सोयाबीनचं पोतं बाजार समितीत नेणाऱ्या माणसाला हे वजन डोळ्यांपुढं आणायला अडचण नाही. गळती आणि त्या दुपारचा फुस्स मिळून सोळा क्विंटल!

म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ ला रवांडातल्या किगालीत जुन्याच करारात नवी दुरुस्ती झाली. भारताकडून तेव्हाचे पर्यावरण मंत्री अनिल माधव दवे तिथं होते. याही वेळी घासाघीस तीच: आधी कुणी, मागून कुणी, खर्च कुणाचा. आपल्याला बऱ्यापैकी सवड मिळाली. २०२८ पासून भाच्याच्या कुळातल्या वायूंची वाढ गोठवायची, २०३२ ला दहा टक्के कपात, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. भारतानं सप्टेंबर २०२१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. सवड जास्त घेतली अशी टीका झाली. आमच्या गल्लीत बसून मला ती पटत नाही. इथं घरोघरी फ्रीज आता कुठं पोचला आहे.

तिसरा फ्रीज २०१८ चा. हा काळसर, चकचकीत, आणि इतका अबोल की चालू आहे का ते दाराला कान लावून पाहावं लागतं. पाठीवर ज्वालेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण. खाली: आर-६००ए, पन्नास ग्रॅम. म्हणजे आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा चुलत भाऊ. हे आजीला सांगितलं तेव्हा ती नव्वदीपार गेली होती, कान गेले होते, जीभ नव्हती गेली.

"आता चुलीचाच गॅस थंडा करून रायला काय?"

हो आजी. आणि तो कुणी नव्यानं शोधलेला नाही. १९९३ मध्ये जर्मनीत, जुन्या पूर्व भागातल्या डबघाईला आलेल्या फोरोन नावाच्या कारखान्यानं ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या पाठबळावर या कुळातल्या वायूंवरचा फ्रीज बाजारात आणला. मोठ्या कंपन्यांनी आरडाओरडा केला, घराघरात बॉम्ब ठेवता काय म्हणून. ग्रीनपीसनं त्याचं पेटंट घेतलं नाही, ज्याला हवं त्यानं बनवावं. आपल्याकडे गोदरेजनं एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा रस्ता धरला. अमेरिकेनं मात्र घरगुती फ्रीजसाठी याला परवानगी दिली ती २०११ च्या डिसेंबरात. स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरात असे २८४ फ्रीज भरतील. ते सिलिंडर शेजारी ठेवून आपण निर्धास्त पोळ्या लाटतो, आणि पन्नास ग्रॅमच्या नावानं घाबरतो. तापाचा हिशेब केला तर हे पन्नास ग्रॅम सुटले तरी कार्बन डायऑक्साइडचे दीडशे ग्रॅमच. क्विंटलाची गोष्ट छटाकावर आली.

याची दुरुस्ती मात्र ज्योत लावून होत नाही, हे मिस्त्रींच्या मुलाला पक्कं माहीत आहे. तो नळ्या दाबून जोडतो, आग लागतच नाही. तरी काही ठिकाणी हुशार मंडळी घरच्या सिलिंडरातला गॅस जुन्या फ्रीजमध्ये भरून देतात असं ऐकतो. भाऊ, असं करू नका, करून घेऊ नका. ज्या फ्रीजची वायरिंग जळत्या वायूसाठी केलेलीच नाही, त्यात तो भरणं म्हणजे खरोखरच बॉम्ब.

गल्लीत आता कुलरच्या खसाच्या वासाशेजारी एसीचे डबे भिंतींवर चढायला लागलेत. त्यांच्या पोटातला वायू किलोच्या मापात असतो. त्यांची पत्रिका कुणी वाचत नाही, उंचावर असल्यानं दिसतही नाही. आणि फ्रीज काय, एसी काय, चालणार पारसच्या नाहीतर कोराडीच्या वीजकेंद्रातल्या कोळशावर. तो हिशेब माँट्रियलमध्ये येत नाही, त्याच्यासाठी पॅरिसचा वेगळा करार आहे. तिथं प्रत्येकानं आपापला आकडा स्वतःच ठरवायचा. आमच्या भिशीत असं चाललं असतं तर पहिल्या महिन्यातच भिशी फुटली असती.

पण माँट्रियलची भिशी फुटली नाही. जगातले सगळे देश तिच्यात आहेत, १९८ सभासद, असे करार फार थोडे. चोरी झालीच नाही असं नाही. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना आर-१२ च्याच कुळातल्या सीएफसी-११ चं उत्सर्जन पुन्हा वाढल्याचं आढळलं, वाऱ्याची दिशा धरून ते पूर्व चीनपर्यंत पोचले, फेसाच्या कारखान्यांकडे बोट गेलं, आणि पुढच्या काही वर्षांत तो आकडा उतरला. आता अंदाज असा की अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० सारखा होईल, जगाच्या बहुतेक भागात त्याच्या बऱ्याच आधी, २०४० पर्यंत. एवढी वर्षं का, असं कुणी विचारलं तर मला आमच्या मधल्या खोलीतल्या टाळ्या आठवतात.

मामा आता शेतात आहे. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर भंगारवाला दोनदा येऊन गेला. नळी कापून तांबं काढायचं, बाकी पत्रा, एवढाच त्याचा व्यवहार. मिस्त्रींना बोलावून आम्ही आतला वायू आधी काढून घेतला. सिलिंडरात गेला तो सगळा मिळून मूठभरही नसेल. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचऱ्याच्या नियमांनी जुन्या फ्रीजचं पुनर्चक्रीकरण होईल हे पाहण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे, पण १९९१ च्या मामाचं पालकत्व घ्यायला कोण येणार? आणि भंगारात द्यायला मन होईना, ते वेगळंच. मग ट्रॅक्टरवर घालून त्याला कोठ्यात नेला. एक पाय तुटला होता, तिथं वीट लावली.

वायू काढला तो नळीतला. भिंतींमधला फेस ज्या वायूनं फुगवला होता तो सीएफसी-११, थंड करणाऱ्या वायूपेक्षा वजनानं जास्त, आणि तो अजून बराचसा तिथंच आहे. फेस फोडला नाही तर सावकाश, वर्षानुवर्षं झिरपत राहतो. म्हणून त्याला कुणी कुऱ्हाड लावू नये, एवढं मी गड्याला सांगून ठेवलं आहे. 'पफ'ची पट्टी अर्धी सोलली गेली, अर्धी शिल्लक आहे.

त्याच्या पोटात आता पुढच्या पेरणीचं तुरीचं बी असतं. उंदीर शिरत नाही, ओल लागत नाही. पोरं आत लपतील म्हणून दाराला बाहेरून साखळी आणि कुलूप घातलंय. किल्ली आईकडेच आहे. पाठीवरची पाटी गंजली, मॉडेल आणि क्रमांक वाचता येत नाहीत. शेवटची ओळ तेवढी अजून वाचता येते.